ओझरचं 'बहादूर'

पुण्यात घोरपडीच्या बाजूला, लष्कराच्या हद्दीत, दक्षिण मुख्यालयाचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालं. तिथे एक निवृत्त लढाऊ विमान ठेवलंय. मिग-२३ बीएन. हवाई दलातलं त्याचं नाव 'विजय'. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भारतात आलं, कारगिलच्या युद्धात या जातीची विमानं उडाली आणि ६ मार्च २००९ रोजी पंजाबातल्या हलवारा तळावर त्यांना निरोप दिला गेला.

अशा विमानासमोर आपण सगळे साधारण एकच गोष्ट करतो. फोटो काढतो. मग पाटी वाचतो. पाटीवर नाव, वेग, लांबी, कुठल्या युद्धात भाग घेतला, इतकंच असतं. ते विमान बनवलं कुणी, उघडून दुरुस्त कुणी केलं, ते उडवताना कोण गेलं, हे पाटीवर मावत नाही. खरं तर विमानाचा इतिहास तिथेच असतो.

आणि या विमानाच्या बाबतीत तो इतिहास आपल्याला मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर घेऊन जातो. ओझरला. (अष्टविनायकांतलं ओझर वेगळं, ते जुन्नर तालुक्यात. हे निफाड तालुक्यातलं.) कारण पुण्यातल्या या विमानाचं धाकटं भावंड, मिग-२७, ओझरच्या कारखान्यात घडलं. एकदोन नव्हे, तब्बल १६५.

बदकाची चोच, घारीचे पंख

आधी यंत्र समजून घेऊ. ते समजलं की पुढची गोष्ट समजायला सोपी जाते.

लढाऊ विमानांची ढोबळ मानाने दोन कामं. एक, आकाशात दुसऱ्या विमानाशी लढणं. दुसरं, खाली जमिनीवरच्या रणगाड्यांवर, पुलांवर, दारूगोळ्याच्या साठ्यांवर हल्ला करणं. मूळ मिग-२३ पहिल्या कामासाठी होतं. त्याच्या नाकात मोठं रडार होतं, शत्रूचं विमान दुरून हेरण्यासाठी. सोव्हिएत अभियंत्यांनी मग त्याच सांगाड्यातून दुसऱ्या कामाचं विमान काढलं. रडार काढून टाकलं आणि नाक पुढे उतरतं, चपटं केलं, म्हणजे वैमानिकाला समोरची जमीन नीट दिसेल. नाकात लेझरने अंतर मोजणारं उपकरण बसवलं. या चपट्या तोंडामुळे सोव्हिएत वैमानिकांनी त्याला नाव ठेवलं 'उत्कोनोस'. म्हणजे प्लॅटिपस, तो बदकासारख्या चोचीचा ऑस्ट्रेलियातला प्राणी. मिग-२३ बीएन हा या वाटेवरचा पहिला टप्पा आणि मिग-२७ हा पुढचा. मिग-२७ चा नमुना १९७२ मध्ये पहिल्यांदा उडाला.

नाकानंतर पाहायचे ते पंख. घार आकाशात तरंगत असते तेव्हा पंख पूर्ण पसरलेले असतात, आणि भक्ष्यावर झेपावते तेव्हा ती ते अंगाशी ओढून घेते. हे विमान तेच करायचं. उड्डाण आणि उतरताना पंख पसरलेले, कारण कमी वेगात हवेवर तरंगायला रुंद पंख लागतात. वेग वाढला की तेच रुंद पंख हवेला अडवतात, म्हणून ते मागे ओढायचे. वैमानिकाकडे त्यासाठी तीन स्थिती होत्या, १६, ४५ आणि ७२ अंश. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १४ मीटर, आणि मिटले की पावणेआठ मीटर. आपल्या हवाई दलात या घराण्याला 'स्विंग विंग' म्हणत.

ऐकायला सोपं वाटतं, पण जरा विचार करा. वीस टनांपर्यंत वजनाचं विमान ज्या पंखांवर तोललेलं असतं, ते पंख बिजागरीवर फिरतात. ती बिजागरी धरून ठेवणारी पोलादी पेटी वेल्डिंगने जोडलेली आणि वर तीच इंधनाची टाकीही. दाराच्या बिजागरीतला एक स्क्रू ढिला झाला तर दार कुरकुरतं. इथे चूक झाली तर विमानच उरत नाही.

तिसरी वस्तू पोटाखाली. मिग-२७ ला सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ होती. तिचा वेग मिनिटाला पाच हजार गोळ्यांच्या आसपास. पण विमानात साधारण २६० गोळ्याच मावत. म्हणजे सलग घोडा दाबला तर सगळा साठा तीन सेकंदांत संपणार. या तोफेचे हादरे इतके जबर होते की सोव्हिएत हवाई दलात ती चालवल्यावर विमानाचे उतरण्याचे दिवे फुटल्याच्या आणि आतली उपकरणं ढिली झाल्याच्या नोंदी आहेत. शत्रूवर मारा करताना विमान स्वतःलाही थोडं मारून घ्यायचं.

आणि वेग? जमिनीलगत ताशी साधारण १,३५० किलोमीटर. नाशिक ते पुणे हवाई अंतर १६५ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सव्वासात मिनिटं. चाकण फाट्याच्या एका सिग्नलला याहून जास्त वेळ जातो.

द्राक्षांच्या गावात मिग

आता १९६२ कडे जाऊ. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ ही स्वनातीत विमानं मिळाली होती, तेव्हा आपल्यालाही त्या तोडीचं काही हवं होतं. या करारात एक महत्त्वाची गोष्ट होती. सोव्हिएत संघ विमानं विकायलाच नव्हे, तर ती भारतात बनवू द्यायलाही तयार झाला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झालं. कृष्ण मेनन गेले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून, बिनविरोध. मिगच्या कारखान्याचे तीन भाग करायचं ठरलं होतं. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व अंतिम जुळणी नाशिकजवळ ओझरला. हा कारखाना नाशिकला येण्यात यशवंतरावांचा वाटा मोठा मानला जातो. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड ही एकत्रित कंपनी, दोन्ही आकाराला आली. लोकांच्या तोंडी तिचं नाव एकच राहिलं, एचएएल.

निफाड तालुका म्हणजे तेव्हा ऊस, कांदा आणि हळूहळू वाढणारी द्राक्षं. त्या मुलखात धावपट्टी आली, हँगर आले, कामगारांची वसाहत आली, शाळा आली, दवाखाना आला. रशियन तज्ज्ञ आले आणि त्यांच्याबरोबर रशियन भाषेतले आराखडे आले. आयटीआय करून बाहेर पडलेल्या फिटर-टर्नर मुलांना गावापासून सायकलच्या अंतरावर असं काम मिळालं, ज्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला किंमत होती. नाशिकच्या आसपासच्या कित्येक घरांत आजही कुणीतरी 'एचएएलमधून रिटायर झालेले' आजोबा असतात. त्यांना विचारलंत तर ते विमानाच्या वेगाबद्दल फार बोलणार नाहीत. पत्रा, रिव्हेट, जिग आणि तपासनिसाचा शिक्का यांच्याबद्दल बोलतील.

परवान्यावर विमान बनवणं म्हणजे नेमकं काय, हे इथे समजून घ्यायला हवं. दिवाळीच्या चकलीचं उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी शेजारच्या काकू भिजवलेलं पीठ देतात, तुम्ही फक्त सोऱ्याने चकल्या पाडून तळता. दुसऱ्या वर्षी त्या तयार भाजणी देतात, पीठ तुम्ही भिजवता. तिसऱ्या वर्षी धान्य देतात, भाजणं-दळणं तुमचं. चौथ्या वर्षी धान्यसुद्धा तुम्ही आणता. आता चकली पूर्णपणे तुमच्या घरात झाली. पण तांदळात डाळ किती आणि का, एक डाळ बदलली तर काय होईल, हे काकूंनी सांगितलेलंच नाही. तुम्ही प्रमाण पाळता, कारण तुम्हाला ते दिलंय.

ओझरला नेमकं असंच झालं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर आधी जवळजवळ तयार आलेले भाग जोडले गेले, मग सुटे भाग, आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून बनवलेलं पहिलं मिग-२१ हवाई दलाला मिळालं. पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटं डागली आणि पूर्व पाकिस्तानच्या सरकारने त्याच दिवशी हात टेकले. मिग-२१ चे एकामागून एक प्रकार ओझरला बनत राहिले.

हवाई दलाचा स्वतःचा दुरुस्ती डेपोही याच ओझरला आहे. ११ बेस रिपेअर डेपो, बोलीत '११ बीआरडी'. ठरावीक तास उडालं की लढाऊ विमान पूर्ण उघडावं लागतं, एकेक भाग तपासून पुन्हा जोडावं लागतं. मिग-२३ विमानांची अशी मोठी दुरुस्ती इथे होई. म्हणजे पुण्यात ज्या जातीच्या विमानासमोर आपण फोटो काढतो, तिचा दुरुस्तीच्या टेबलावरचा काळही ओझरचाच.

'बहादूर' कारखान्याबाहेर येतं

मिग-२७ चा परवाना मिळाला तो या सगळ्या पूर्वतयारीवर. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सोव्हिएत संघातून आलेल्या भागांची जुळणी ओझरला सुरू झाली आणि जानेवारी १९८६ पासून विमानं हवाई दलात येऊ लागली. भारताने त्याला नाव दिलं 'बहादूर'. इंजिन आर-२९, कोरापुटला बनलेलं. पूर्ण ताकदीला साडेअकरा टनांचा जोर. चार टनांपर्यंत बॉम्ब आणि रॉकेटं नेण्याची क्षमता.

मिग-२१ बनवलेल्या हातांनाही हे विमान नवीन होतं. मिग-२१ चे पंख स्थिर, याचे फिरते. ते साधारण साडेआठ टनांचं, हे भरलेलं वीस टनांचं. तरी नव्वदच्या दशकापर्यंत ओझरने १६५ विमानं दिली. एका वेळी कित्येक स्क्वॉड्रनमध्ये ही विमानं होती, आणि राजस्थानच्या वाळवंटापासून उत्तर बंगालच्या चहाच्या मळ्यांपर्यंत ती उडत होती.

इथे कारखान्याचं कौतुक करून थांबता आलं असतं. पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. ज्या देशाने कृती दिली होती तो देश राहिला नाही. कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले, सुट्या भागांसाठी कुणाला विचारायचं हाच प्रश्न झाला. आणि स्वतः रशियानेही एक इंजिन असलेली आपली अशी हल्ल्याची विमानं नव्वदच्या दशकात मोडीत काढली. आता काकूच गाव सोडून गेल्या होत्या, आणि आपल्याकडे १६५ विमानं होती.

कारगिलचं आकाश

२६ मे १९९९. कारगिलच्या डोंगरांवर बसलेल्या घुसखोरांविरुद्ध हवाई दलाने 'ऑपरेशन सफेद सागर' सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी, २७ मे रोजी, फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता बटालिक भागात मिग-२७ घेऊन गेले. ते ९ व्या स्क्वॉड्रनचे.

हे विमान युरोपच्या सपाट मैदानांत रणगाड्यांच्या रांगांवर झेपावण्यासाठी आखलं होतं. इथे लक्ष्य होतं पंधरा ते अठरा हजार फुटांवरच्या दगडांमागचं एखादं बंकर. एवढ्या उंचीवर हवा विरळ. इंजिनाला श्वास घ्यायला आधीच कमी हवा. त्यात रॉकेट किंवा तोफ डागली की समोर तापलेल्या वायूंचा लोट तयार होतो आणि विमान त्याच लोटात शिरतं. इंजिनात थंड हवेऐवजी तो गरम धूर गेला की आतला प्रवाह बिघडतो आणि ज्योत विझते. नचिकेता यांचं इंजिन मारा केल्यानंतर असंच बंद पडलं. पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न फसला. विमानाला दुसरं इंजिन नव्हतं. ते पॅराशूटने बाहेर पडले आणि पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागले.

त्यांचा माग काढायला स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ घेऊन तिथे घिरट्या घालत राहिले. त्यांचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. आहुजा परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. नचिकेता यांना ३ जूनला रेडक्रॉसच्या ताब्यात देण्यात आलं आणि ते भारतात परतले. विमानातून बाहेर फेकलं जाताना पाठीला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना पुन्हा लढाऊ विमान उडवता आलं नाही. पुढे त्यांनी वाहतुकीची मोठी विमानं उडवली.

कारगिलमध्ये नंतर मिराज-२००० विमानांनी उंचावरून, लेझरने नेमलेले बॉम्ब टाकले, आणि आज लोकांच्या लक्षात ते राहिलेत. पण पहिल्या दिवसांत त्या दऱ्यांमध्ये शिरली ती मिग घराण्याची विमानं. मिग-२१, मिग-२३ आणि मिग-२७. उंची, विरळ हवा आणि खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं यांचा धडा त्यांनी गिरवला, आणि पुढच्यांनी आपली पद्धत त्यावरून बदलली.

हिशेब

आता जी गोष्ट पाट्यांवर नसते ती.

मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले. भारताने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानं एप्रिल २०१२ पर्यंत अपघातांत गेली होती. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांतली ८ माणसं मृत्युमुखी पडली. हे आकडे मिगच्या सगळ्या प्रकारांचे मिळून आहेत, आणि सरकारने कारणं म्हणून मानवी चुका आणि तांत्रिक बिघाड दोन्ही सांगितली होती.

त्या १७१ मध्ये एक नाव फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगढहून मिग-२१ घेऊन उड्डाण केल्यावर काही क्षणांतच त्यांचं विमान कोसळलं. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी 'वैमानिकाची चूक' हे उत्तर मुकाट्याने स्वीकारलं नाही. हवाई दलाविषयी आदर ठेवून, पण प्रश्न न सोडता, त्यांनी वर्षानुवर्षं विचारलं, की विमानाची अवस्था काय होती, तरुण वैमानिकांना पुरेसं प्रशिक्षण मिळत होतं का? एका मराठी आईने उभा केलेला हा प्रश्न देशभर गेला. २००६ चा 'रंग दे बसंती' आला तेव्हा पडद्यावरचं मिग आणि पडद्यावरची आई पाहताना अनेकांना गाडगीळ कुटुंब आठवलं.

मिग-२७ चा स्वतःचा हिशेबही जड होता. फेब्रुवारी २०१० मध्ये सिलिगुडीजवळ एक विमान पडलं आणि सगळी मिग-२७ तपासणीसाठी जमिनीवर थांबवावी लागली. संशय होता आर-२९ इंजिनावर. ४ सप्टेंबर २०१८ रोजी जोधपूरजवळ आणि ३१ मार्च २०१९ रोजी सिरोहीजवळ आणखी दोन विमानं पडली. या दोन्ही वेळा वैमानिक वाचले.

मग दोष कुणाचा? ओझरच्या रिव्हेट मारणाऱ्या माणसाचा? कोरापुटच्या इंजिनाचा? मॉस्कोत बसून एकच इंजिन ठेवणाऱ्या अभियंत्याचा? की वीस-पंचवीस वर्षांनी बदलायला हवं ते विमान पस्तीस वर्षं ओढणाऱ्या दिल्लीचा? कुणा एकाकडे बोट दाखवलं की आपल्याला बरं वाटतं, पण मला वाटतं खरी गोम त्या चकलीच्या कृतीत आहे. आपण १६५ विमानं हातांनी घडवली, पण 'असंच का?' हे आपल्याला सांगितलं गेलं नव्हतं. जो बनवायला शिकतो पण बदलायला शिकत नाही, त्याला वस्तू जुनी झाल्यावर तिच्याबरोबरच म्हातारं व्हावं लागतं. आणि विमानाच्या बाबतीत त्याची किंमत पंचविशीतला वैमानिक मोजतो.

याला एक अपवाद घडला आणि तो सांगायलाच हवा. २००० नंतर सुमारे ४० मिग-२७ विमानांचा मेंदू बदलण्यात आला. नवे पडदे, नवा संगणक, दिशा दाखवणारी आणि नेम धरणारी नवी यंत्रणा. हे काम संरक्षण संशोधन संस्था, एचएएल आणि हवाई दल यांनी मिळून इथेच केलं. सुधारलेलं पहिलं विमान मार्च २००४ मध्ये उडालं. कृतीच्या वहीत पहिल्यांदाच आपल्या अक्षरात काहीतरी लिहिलं गेलं. इंजिन मात्र तेच राहिलं.

चौथऱ्यावर

२७ डिसेंबर २०१९. जोधपूर. २९ व्या स्क्वॉड्रनच्या सात मिग-२७ विमानांनी शेवटचं उड्डाण केलं. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. चौतीस वर्षांचा प्रवास संपला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ नेही निरोप घेतला. ज्या नावाने ओझरचा कारखाना सुरू झाला होता, ते विमान आता भारतीय आकाशात उरलं नाही.

निवृत्त विमान चौथऱ्यावर चढवण्याआधी त्याला आतून रिकामं केलं जातं. इंधन काढतात, शस्त्रं काढतात, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली स्फोटकं काढतात. जे उरतं ते कवच. पण कवचावरही वाचण्यासारखं पुष्कळ असतं, पाहायचं कुठे हे माहीत हवं.

पुण्याच्या मिग-२३ समोर उभे राहिलात तर आधी चपटं नाक पाहा. तिथे रडार का नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. मग पंख जिथे धडाला मिळतात तिथली फट पाहा. पंख तिथून आत सरकायचे. मग मागे जा आणि शेपटीखाली वाका. तिथे एक पंखा एका बाजूला घडी घातलेला दिसेल. हवेत तो खाली उभा राहून विमान स्थिर ठेवायचा. जमिनीवर चाकं बाहेर आली की घडी व्हायचा, नाहीतर उतरताना धावपट्टीला घासला असता. आणि मिग-२७ कुठे पाहायला मिळालं तर हवा आत घेणारी बाजूची तोंडं पाहा. मिग-२३ ला तिथे हलणाऱ्या फळ्या आहेत, मिग-२७ ला साधी, न हलणारी रचना. जमिनीलगत उडणाऱ्याला तो खटाटोप लागत नव्हता. आणि पोटाखाली सहा नळ्यांची ती तोफ.

शेवटी हात लावायची परवानगी असेल तर पत्र्यावरून बोटं फिरवा. रिव्हेटच्या रांगा लागतील. मिग-२७ असेल तर त्या रांगा ओझरच्या.

आणि आता

ओझरचा कारखाना मिगबरोबर संपला नाही. तिथे सुखोई-३० एमकेआय बनली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, मिग-२१ निवृत्त झाल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं. तेजसचा आराखडा आपला आहे. म्हणजे साठ वर्षांनी ओझरमध्ये असं लढाऊ विमान बनतंय, ज्याची कृती आपल्याच वहीत लिहिलेली आहे. एखाद्या वैमानिकाने 'इथे अडचण आहे' म्हटलं तर बदल करायला कुणाची परवानगी मागायची गरज नाही. मिगच्या काळात नेमकं हेच नव्हतं.

पण इंजिन? ते अमेरिकन आहे, जीई कंपनीचं. आणि ते वेळेवर न मिळाल्याने तेजसची विमानं हवाई दलाला उशिरा मिळत आली आहेत. ही आपली जुनी जखम आहे. बंगळुरूमध्ये आखलेलं 'मरुत' हे भारताचं पहिलं जेट लढाऊ विमान १९६१ मध्ये उडालं, १४७ बनली, पण त्याच्या सांगाड्याला साजेसं इंजिन कधी मिळालंच नाही आणि ते अकाली निवृत्त झालं. मरुतला इंजिन मिळालं नाही, मिगचं इंजिन दगा देत राहिलं, तेजसचं दुसऱ्याच्या हातात आहे.

म्हणून चौथऱ्यावरचं विमान मला विजयस्तंभ वाटत नाही आणि भंगारही वाटत नाही. ती उघडी ठेवलेली हिशेबाची वही आहे. जमेच्या बाजूला ओझरचे, कोरापुटचे, हैदराबादचे हजारो हात, ज्यांनी परक्या भाषेतल्या आराखड्यांवरून ही यंत्रं उभी केली आणि मोडलेली पुन्हा उभी केली. खर्चाच्या बाजूला अजय आहुजा, अभिजित गाडगीळ, आणि ज्यांची नावं आपल्याला माठीत नाहीत असे कित्येक. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय बेरीज लागत नाही.

पाटीवर एवढं सगळं लिहिता येणार नाही हे खरं. पण एक ओळ नक्की मावेल, आणि ती मिग-२७ च्या प्रत्येक चौथऱ्यावर असायला हवी: 'बनवलं ओझर, जिल्हा नाशिक येथे.'